बिनकाचेचा उजेड

सहादू पगारे सातपूरच्या एका कारखान्यात वेल्डर होता. बॉयलरची मोठी भांडी जोडायचा. चांदवडकडून आला तेव्हा अंगावरच्या दोन कपड्यांशिवाय काही नव्हतं. हात मात्र होते, आणि त्या हातांनी घातलेला जोड एक्स-रेत कधी नापास होत नसे.

१९७६ साली नवं मशीन बसवायला नॉर्वेहून ओलाव नावाचा इंजिनिअर आला. दीड महिना राहिला. एकदा त्याने सहादूची वेल्डिंगची ढाल तोंडासमोर धरली आणि तिच्या काळ्या काचेतून आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, पाहिला. काचेतून तो हिरवागार दिसतो. ओलाव हसला, खडू घेतला आणि पत्र्यावर वाऱ्याने हलणाऱ्या पडद्यासारख्या उभ्या रेघा काढल्या. ड्रॉइंग ऑफिसातल्या कारकुनाने मराठीत सांगितलं, "साहेब म्हणतात, त्यांच्या गावाला हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. तेव्हा आभाळात असा हिरवा उजेड पडतो. डोंगरापासून डोंगरापर्यंत. बघायला काच लागत नाही."

"काच लागत नाय?" सहादूने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

जाताना ओलाव म्हणाला, दुसरं मशीन घ्याल तेव्हा तुमचा एक वेल्डर आमच्याकडे शिकायला येईल. कारखान्यात हे सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे विसरले. सहादू विसरला नाही.

त्याने तयारीला सुरुवात केली. सार्वजनिक वाचनालयात जाऊन नकाशात ओलावचं गाव शोधलं. पार वरच्या टोकाला होतं. पासपोर्टला लागणाऱ्या शाळेच्या दाखल्यासाठी तीनदा चांदवडला गेला, कारण दाखल्यावर जन्मतारीख एक आणि रेशनकार्डावर दुसरी होती. देवळाली कॅम्पातून लष्करातला जुना लोकरी कोट आणला. मालनने, त्याच्या बायकोने, तो उन्हात टाकला आणि नाक दाबलं.

"अहो, ह्यात कोण मेलं होतं?"

"मेलं असंल. थंडीनं नाय मेलं एवढं नक्की."

थंडीचा सरावही त्याने केला. दर जानेवारीत रविवारी पहाटे पाचला तो नुसत्या सदऱ्यावर पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचा आणि वर तासभर उभा राहायचा. बरोबर काम करणारा सिन्नरचा बहिरू सांगळे एकदा सोबत गेला आणि दहा मिनिटांत खाली आला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याने सगळ्यांना सांगितलं, "सहाद्या वर हुबा राहून बर्फ व्हायची वाट बघतोय. झाला की रसवंतीवाल्याला विकू."

१९८२च्या जानेवारीत तिथंच त्याला ती गोष्ट कळली. पूर्वेला एक ठळक तारा होता. त्याने सरळ बघितलं तर तारा नाहीसा झाला. नजर जरा बाजूला घेतली की परत आला. ढग असेल म्हणून थांबला. ढग नव्हता. दुसऱ्या ताऱ्याकडे बघितलं, तोही गेला. तासभर तो एकेका ताऱ्याकडे बघत राहिला. ज्याच्याकडे बघेल तो जात होता.

हे कशाने झालं ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. जोड भरण्याआधी दोन पत्रे जागेवर धरायला बारीक टाके मारावे लागतात. प्रत्येक टाक्याला ढाल तोंडावर घ्यायची तर वेळ जातो. म्हणून बाकीचे डोळे मिटून, मान वळवून टाका मारायचे. पडला वाकडा तर पडला. सहादूला वाकडा टाका चालत नव्हता. तो ढाल बाजूला ठेवायचा आणि उघड्या डोळ्यांनी, नेमकी जागा बघून मारायचा. अकरा वर्षं, रोज शे-दीडशे टाके. संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. मालन डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची आणि म्हणायची, "त्या ढालीचं काय लोणचं घालायचंय का तुम्हाला?"

पांडवलेणीवरून उतरून तो घरी आला. मालनला काही बोलला नाही.

ऑगस्टात दुसऱ्या मशीनचा करार झाला. एक वेल्डर, चार महिने, नोव्हेंबरपासून. यादीत पहिलं नाव सहादूचं, दुसरं बहिरूचं. आधी दोघांची डोळ्यांची तपासणी.

बहिरूची आदल्या दिवशी झाली. गेले काही महिने सहादू समोरच्याकडे तिरकं बघून बोलतो, हे त्याने ओळखलं होतं. परत आल्यावर त्याने तक्त्यावरच्या सगळ्या ओळी पत्र्याच्या तुकड्यावर खडूने लिहून आणल्या.

"पाठ कर. वरनं खाली. डॉक्टर काडी फिरवतो तशी म्हणत जा."

"तुझा नंबर जाईल, बहिऱ्या."

"मला कुठं बर्फात मरायचंय? पाठ कर, लेका. सहा वर्सं कोट वाळवतोय तू."

सहादूने पाठ केलं. घरी मालनला काडी धरायला लावली आणि धडाधड म्हणून दाखवलं. एकही अक्षर चुकलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी कारखान्यात एक्स-रेची फिल्म आली होती. त्याचा जोड. मुळाशी काळी रेघ, म्हणजे धातू आत भिनलाच नव्हता. तपासनीस म्हणाला, "पगारे, तुमचा? नाव चुकलं असेल." सहादूने नजर बाजूला घेऊन फिल्म पाहिली. नाव बरोबर होतं. ते भांडं तसंच गेलं असतं तर कुठल्याशा साखर कारखान्यात, वाफ कोंडल्यावर, त्याच रेघेतून फाटलं असतं. शेजारी माणसं उभी असतात.

दुपारी डॉक्टरांनी काडी पहिल्या ओळीवर ठेवली.

"वाचा."

सगळी ओळ त्याच्या जिभेवर होती.

"दिसत नाय, साहेब."

"आणि ही?"

"मधलं दिसत नाय. कुठलंच."

डॉक्टरांनी बॅटरीने डोळ्यांत बघितलं. आतल्या पडद्यावर मधोमध डाग होते. चष्म्याने जाणारे नव्हते. सहादूची बदली स्टोअरला झाली. तिथे तो वेल्डरांना रॉडची पाकिटं मोजून द्यायचा. कोट बहिरूला दिला.

बहिरू मार्चमध्ये परतला. पहिल्या संध्याकाळी पेढे घेऊन घरी आला. मालनने चहा ठेवला. सहादूने त्याला समोर बसवलं.

"दिसला?"

"दिसला. दोनदा."

"किती वेळ?"

बहिरू चहाकडे बघू लागला. "पाच मिन्टं असंल. पाळी करून आलो का अंग मोडायचं, गड्या. खोलीच्या खिडकीतनं बघितला. भाईर लय गार."

"चार महिने होतास."

"हो."

"कोट होता."

मालनने पेढ्याचा पुडा उघडला आणि तसाच बंद केला.

"सांग," सहादू म्हणाला. "कुठल्या बाजूनं चालू झाला? वरून का खालून?"

"डोंगराच्या मागनं. मग वर सरकला. हिरवा. आपल्या काचेतला असतो तसाच."

"हलत होता?"

"हलत होता. धुणं हलतं तसा."

"आन काच?"

"काच कशाला? नुसत्या डोळ्यानं. चांदणं बघावं तसा."

सहादूने नजर उचलून बहिरूच्या कानाकडे लावली, म्हणजे त्याचा चेहरा दिसेल.

"परत सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून. घाई करू नको."