लाल झेंड्यावर बसलेले पाहुणे

सत्तरच्या दशकात, सांगलीजवळच्या एका माळावर, काही दिवस हवाई वाहतुकीचं नियंत्रण माझ्याकडे होतं. हे वाक्य मी घरात टाकलं की मुलं ताटावरून उठतात, म्हणून इथं लिहितो.

त्या वर्षी उसावर कीड पडली होती आणि फवारणीला दोन छोटी विमानं आली होती. माळावर मुरूम दाबून धावपट्टी केलेली. वायरलेस वगैरे काही नाही. पट्टीच्या मध्यावर, कडेला मी, आणि माझ्याकडे दोन झेंडे. पांढरा दाखवला की उडायचं, लाल दाखवला की थांबायचं. पूर्वेच्या टोकाला औषध भरून निघणाऱ्या वैमानिकाला पश्चिमेच्या टेकाडापलीकडून येणारं दुसरं विमान दिसत नसे. मला दिसे. एवढीच माझी पात्रता. पण साताऱ्याकडच्या आमच्या गावात आईनं ‘पोरगं विमानात हाय’ असं सांगून ठेवलेलं, आणि त्यावरच आटपाडीचं स्थळ आलं. मुलगी मला फार पसंत होती. माझ्यात पसंत करण्यासारखं मात्र या नोकरीशिवाय काही नव्हतं.

मुलीचे वडील फौजेतले निवृत्त सुभेदार. एका सकाळी ते नोकरी बघायला थेट माळावरच आले. कडक इस्त्रीचं पांढरंशुभ्र धोतर. बसायला औषधाचा एक रिकामा डबा, तोही तेलकट. होणाऱ्या सासऱ्याला तसंच बसवायचं? मी लाल झेंड्याची चौघडी केली, डब्यावर अंथरली आणि म्हणालो, “बसा मामा.”

“काम लय जोखमीचं दिसतंय,” बसत मामा म्हणाले.

“सवय हाय,” मी म्हणालो, आणि आभाळाकडे एक नजर टाकून पांढरा झेंडा जरुरीपेक्षा थोडा जास्तच ऐटीत हलवला. पूर्वेचं विमान पळायला लागलं.

तेवढ्यात टेकाडावरून दुसरं वर आलं. औषध लवकर संपलं असावं. ते उतरायला खाली येत होतं, पहिलं त्याच्याच दिशेनं सुटलं होतं, आणि लाल झेंड्यावर मामा बसले होते.

वडीलधाऱ्या पाहुण्याला बसल्या जागेवरून कसं उठवतात, हे मला घरी कुणी शिकवलं नव्हतं.

“मामा, जरा पाय मोकळं करता का?”

“आत्ताच बसलोय की रं.”

“न्हाई, म्हंजे... तुमाला तरास नसंल तर... तुमच्याखाली जरा झेंडा हाय.”

मामांनी एकदा इकडचं विमान पाहिलं, एकदा तिकडचं. मग उठले, झेंडा झटकला आणि अख्खी पलटण थांबवायची असल्यासारखे पट्टीच्या कडेनं हलवत धावले. पहिल्या वैमानिकानं विमान करकचून पट्टीबाहेर वळवलं. दुसऱ्याची चाकं त्याच्या डोक्यावरून गेली. वीतभर अंतरानं, असं मी सांगतो. बायको म्हणते, दर वर्षी अंतर कमी होतंय.

धूळ बसल्यावर दोघे वैमानिक चालत आले. थोरल्यानं विचारलं, “झंडा किसने दिखाया?”

“हमने,” मामा म्हणाले.

“ड्यूटी किसकी है?”

मामा सरळ फौजी माणूस. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“तो झंडा था कहाँ?”

खरं सांगितलं तर मामांची शोभा, म्हणजे लग्न गेलं. नाही सांगितलं तर नोकरी गेली, म्हणजे बहुतेक लग्नही.

“धो के सुखाने डाला था, साब,” मी म्हणालो.

दुपारच्या आत दोन्ही झेंडे दुसऱ्याच्या हातात गेले. मी मामांना पोचवायला एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेलो. तिथं मामा म्हणाले, “झेंडा वाळत घातला हुता व्हय?”

“व्हय.”

“माझ्याखाली?”

मी रस्त्याकडे बघत राहिलो. एस.टी. आली. पायरीवर चढून, दांडी धरून मामा वळले.

“आईला सांग, तारीख काढाया. आन् गड्या, कवा घराला आग लागली, तर मला सरळ ‘उठा’ म्हण.”