वैद्यकाकांची केसांची गोळी

"गोळी आधी वैद्याच्या पोटात," असं म्हणत वैद्यकाका गोळी तोंडात टाकत आणि मोठा गहन विचार चालल्यासारखे डोळे मिटून बसत. खरं म्हणजे ती कडूजहर असे, एवढंच.

कोपरी गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून. त्यांचं कुटणं पहाटेपासून सुरू होई आणि सासूबाई कातावत. मी नवी सून, मला बोलायची सोय नव्हती. पण त्या माणसाचा मला अभिमान वाटे. का, ते सांगते.

काकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, केस मोठ्या तापानंतर मूठमूठ गळाले. तुम्ही म्हणाल, केसच ते! पण तेव्हा बोडकं डोकं म्हणजे विधवा. एका हळदीकुंकवाला परगावच्या बाईनं काकूंना वगळून करंडा पुढे नेला. नवरा चांगला धडधाकट असताना! त्या दिवसापासून काकू उंबऱ्याबाहेर पडेनात.

काकांनी गोळीचा ध्यास घेतला. "तेल डोकं गार करतं हो, पण मुळाला खायला कोण घालणार?" माका, आवळकाठी आणि आणखी काय काय कुटून, मधात वळून गोळ्या सुपात वाळत. पहिल्या गोळीनं काकांना ढाळ लागले, दुसरीनं अंगावर पित्त उठलं. लोक हसले. काका म्हणाले, "पोटाचं कळलं. आता केसांचं बघू."

त्यांच्या स्वतःच्या टाळूला टक्कल होतंच. गोळीचा गुण दिसावा म्हणून त्यांनी हजामत बंद केली. झालं! बायको गरोदर असली की नवरा केस काढत नाही, ही आपली रीत. साठीच्या काकांना तळ्यावर जो तो विचारू लागला, "काय वैद्यबुवा, बारसं कधी?"

"उगवू तर देत," काका म्हणत.

त्यांच्या टाळूवर शेवटपर्यंत काही उगवलं नाही. काकूंच्या डोक्यावर मात्र त्याच गोळ्यांनी आधी लव आली आणि हळूहळू चांगला अंबाडा बसू लागला. त्या पुन्हा हळदीकुंकवाला निघाल्या तेव्हा काका ओसरीवर नुसते बघत उभे होते.

मग काका गेले. मूलबाळ नव्हतं. कल्याणहून आलेल्या काकूंच्या धाकट्या दिरांनी दहाव्या दिवशी त्यांचे केस काढायला न्हावी बोलावला. काकू पाटाजवळ आल्या, पण बसल्या नाहीत.

"भावजी, त्यांच्या हातचं एवढंच उरलंय घरात. हे मी कापू द्यायची नाही."

"अहो वहिनी, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांनाही म्हणतच होते."

दीर ओरडले, भटजी उठून गेले. न्हाव्यानं धोपटी गुंडाळली. "माझी बायको पन त्यांच्याच गोळ्या खाते, मालक. मला नाय जमायचं."

दुसऱ्या दिवशी काकू न्हाल्या आणि भर उन्हात अंगणात केस वाळवायला बसल्या, मुद्दाम रस्त्याकडे पाठ करून.