प्रेसची जाळी

हायवेलगतच्या वरवे गावाजवळ एका शेडमध्ये मी कामाला लागले तेव्हा जेमतेम विशीत होते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे छोटे भाग तिथं बनायचे. ओळीनं पॉवर प्रेस, प्रत्येकीवर एक बाई. हातानं पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, की वरचा ठोकळा दणकन खाली. त्यात हात जाऊ नये म्हणून प्रेसला पुढून लोखंडी जाळी असते. आमच्या जाळ्या काढून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. जाळीनं हात सावकाश चालतो, माल कमी निघतो, असं मालकाचं म्हणणं.

पुण्याहून तपासणीचे साहेब येणार याची खबर आधीच लागायची. त्या सकाळी फिटर जाळ्या बसवायचा, आम्हाला कोरे हातमोजे मिळायचे. साहेब चहा पिऊन, एक फेरी मारून गेले की सुपरवायझर मोजे गोळा करायचा आणि जाळ्या परत भिंतीला.

"राहू द्या की आमच्याकडं मोजे," मी एकदा म्हटलं.

"मळतील ना!" तो हसत म्हणाला.

माझ्या शेजारी विंझर गावची एक बाई बसायची. तिला मी मावशी म्हणायची. नवरा गेल्यावर ती नसरापूरला भावाकडं राहायला आली होती. एका दुपारी तिच्या प्रेसमध्ये पत्रा अडकला. तो सोडवायला तिनं हात घातला आणि पाय पेडलवर पडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती ओरडलीसुद्धा नाही, हाताकडं बघत नुसती उभी राहिली. ओरडले मी.

हाताला तिचाच पदर गुंडाळून मी आणि सुपरवायझरनं टेम्पोतून तिला भोरला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशात गेला हात?" मावशीनं तोंड उघडायच्या आत सुपरवायझर म्हणाला, "घरी, कुट्टी मशीनमध्ये. गुरांना कडबा कापत होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई समोर कळवळतीये, आणि या माणसाची जीभ जराही अडखळली नाही!

"खोटं बोलतोय हा. कारखान्यात गेली बोटं. प्रेसला जाळी नव्हती."

"तू गप. उद्या कामावर यायचंय ना?"

"यायचंय. म्हणून तर सांगते."

डॉक्टरांनी त्याला बाहेर काढलं आणि मावशीला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "ही म्हनती त्येच खरं. माझ्याकडं गुरं न्हाईत, कुट्टी कुठनं येनार?" डॉक्टरांनी तसंच लिहिलं आणि पोलिसांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी एकही बाई प्रेसवर बसली नाही. मालक आला. "तिचं लक्ष नव्हतं, त्याला मी काय करू?"

हायवेकडच्या वस्तीतल्या चाची आमच्यात थोरल्या. त्या म्हणाल्या, "चूक मानसाकडनं व्हनारच, शेठ. म्हनून तर जाळी असती. लावा, बसतो आमी."

त्यानं आवाज चढवला, दुसऱ्या बाया आणतो म्हणाला. कोणी हललं नाही. जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळ्या जाळ्या बसल्या. इतकं सोपं होतं ते! तोच फिटर, त्याच जाळ्या, एक सकाळ. साहेबांना दाखवायला जमत होतं, आमच्या हातांसाठी जमत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मला घरी बसवलं. "काम कमी झालंय," सुपरवायझर म्हणाला. माझ्या प्रेसवर नवी मुलगी आधीच बसलेली होती. मी तिच्यासमोरच त्याला म्हटलं, "हिची तरी जाळी काढू नका."

मावशी विंझरला परत गेली. मी भेटायला गेले तेव्हा ती डाव्या हातानं विळा धरायला शिकत होती. भावानं मालकाविरुद्ध भरपाईचा दावा लावला होता, आणि प्रत्येक तारखेला मालकाचा वकील नवी तारीख मागत होता.

"बोटांचं सोसलं म्या," ती म्हणाली. "पन त्यो सुपरवायझर माझ्या तोंडावर खोटं बोलला, त्ये न्हाई सोसत."

मलाही अजून सोसत नाही. पुढच्या तारखेला साक्ष द्यायला मी तिच्याबरोबर गेले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक तारखेला.