दादाच्या गाडीचा मागचा दरवाजा

गाडी रंगवायचा भाव विचारला असता ना, तर मला एवढा राग आला नसता. पण माझ्या भावाने भाव विचारलाच नाही. जुनी गाडी सरळ आमच्या अंगणात आणून लावली आणि यांना म्हणाला, "दाजी, घरचंच काम आहे. सामानाचे पैसे देतो, मेहनतीचं आपण नंतर बघू."

नंतर बघू! माझ्या सख्ख्या भावाचं हे 'नंतर' मी लहानपणापासून ओळखते. ते कधी उजाडत नाही.

आधी तो दोन-तीन गॅरेजं फिरून आला होता. तिथले आकडे ऐकून डोळे पांढरे झाले, तेव्हा कुठे बहीण आठवली. यांची छाती पार खराब झालीय, डॉक्टरांनी रंगाचं काम बंद म्हणजे बंद सांगितलंय, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. दवाखान्यात माझ्या शेजारी तोच तर बसला होता, माना डोलावत.

यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, उभा जन्म गाड्या रंगवण्यात गेला. रंग फवारायची गन हातात घेतली की हे श्वास रोखायचे, आणि दरवाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरला की मगच सोडायचे. श्वास घेतला की खांदा हलतो, खांदा हलला की रंगाचा कोट बिघडतो, असं यांचं म्हणणं. मास्क लावा, मास्क लावा म्हणून मी घसा कोरडा केला. "त्यात गुदमरतं गं," हे उत्तर ठरलेलं. हे कामाला होते त्या गॅरेजच्या मालकाने रंगाच्या खोलीतला बंद पंखा कधी दुरुस्त केला नाही, आणि यांनी तोंड उघडून कधी सांगितलं नाही. गुणी ना मोठे! यांच्या हातच्या गाडीवर रंगाचा ओघळ दिसायचा नाही, म्हणून सगळीकडे नाव. ते नाव काय चाटायचंय?

मी दादाला तोंडावर म्हटलं, "गाडी घेऊन जा." तर हेच मध्ये पडले. "असू दे गं. माझी गन गंजून जाईल नाहीतर." खाटेवर बसून दिवस दिवस खिडकीबाहेर बघणारा माणूस, भाड्याचा कॉम्प्रेसर आला त्या दिवशी अंघोळ करून, भांग पाडून अंगणात उभा! तो चेहरा बघून मीच घरातलं स्टूल आणून यांच्याजवळ ठेवलं.

टप झाला, बॉनेट झालं, पुढचे दरवाजे झाले. प्रत्येक वेळी स्टुलावर बसून धापा टाकायच्या आणि पुन्हा उठायचं. शेवटी एक मागचा दरवाजा राहिला. त्याच्या मध्यावर हात आला आणि खोकल्याची उबळ आली. हात जागीच थांबला, गन चालूच राहिली. रंग साचला आणि खाली ओघळला.

नेमका तेव्हाच दादा टपकला. यांना पाणी विचारायचं सोडून गाडीभोवती फिरला आणि त्या दरवाजाशी वाकला.

"दाजी, हे काय? ओघळ आलाय की. याचे पैसे कापावे लागतील हं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कापतोस? मेल्या, माणूस इथे श्वासाला महाग झालाय आणि तू ओघळ बघतोस? जनाची नाही, निदान मनाची तरी ठेव!"

"अगं, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

मी थिनरमध्ये फडका बुचकळला आणि तो ओला दरवाजा खसाखसा पुसून काढला, खालचा करडा थर दिसेपर्यंत. किल्ली त्याच्या हातावर आपटली. "हो चालता. असाच फिर आता गावभर."

"बहीण आहेस की वैरीण?" असं काहीतरी पुटपुटत तो गाडी घेऊन गेला. वळून बघते तर हे स्टुलावर बसून माझ्या हातातल्या फडक्याकडे बघतायत.

"तुम्ही तरी बोला ना काही त्याला!" मी यांच्यावरच ओरडले.

"ओघळ होताच गं," हे म्हणाले. "तो यायच्या आधीच मला दिसला होता."

मग हे उठले. गन उघडून धुतली, एकेक भाग पुसला, डब्यात ठेवला आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"देऊन टाक कुणाला तरी," हे म्हणाले. "चांगली आहे अजून."