बाकांवर बायका आणि ‘प्रिय बंधूंनो’

आमच्या पिंपरीत देवाचा विसाव्याचा दिवस गुरुवारी यायचा. विजेची टंचाई, म्हणून कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. विजेपुढे दहा आज्ञांचं काय चालणार! रविवारी सगळा पुरुषवर्ग लेथवर आणि आमचं पत्र्याचं चर्च बायकांनी गच्च भरलेलं. इतकं गच्च, की श्वास घ्यायलासुद्धा बायका पाळी लावायच्या.

आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, पुण्याहून महिन्यातून एका रविवारी यायचे. बाकीच्या रविवारी संदेश द्यायचे माझे मोठे दीर. भाऊजी चर्चच्या मंडळीचे चिटणीस, कंपनीत स्टोअरकीपर, आणि या कामासाठी सुट्टी बदलून घेतलेले एकमेव पुरुष. देणार म्हणजे काय, वाचणार. कुण्या गोऱ्या साहेबाच्या प्रवचनांचं जुनं भाषांतर होतं, ते धडाधडा वाचायचं. भर मे महिन्यात, वर पत्र्यावर भाकरी भाजून निघेल अशा उन्हात, भाऊजी गरजायचे, ‘‘प्रिय बंधूंनो, बाहेर बर्फ पडत आहे!’’ त्यांचा आवाज निगडीपर्यंत जायचा आणि तिथली कुत्री थंडीने कुडकुडायची. समोर बंधू एकही नाही. बाकांवर पदर डोक्यावर घेतलेल्या बायका, घामाने निथळणाऱ्या.

हसू येतं ना? मला यायचं नाही. माझं डोकं फिरायचं.

लग्नाआधी मी नगरकडे बायबलशाळेत शिकले होते. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, मला तिथेच आलं. आकाशवाणी वगैरे झाली नाही. पण एकदा उमगलं की बोलायचंय, ते काही केल्या जाईना. भांडी घासताना संदेश तयार व्हायचे. दापोडीच्या चाळीत आजारी माणसाच्या उशाशी बसून मी बोलायची, माणसं डोळे पुसायची, त्याला कुणाची ना नव्हती. तेच शब्द हातभर उंच लाकडी पीठावरून बोलले, तर मात्र आभाळ कोसळणार होतं.

एकदा जेवताना मी विचारलंच. ‘‘भाऊजी, येत्या रविवारी संदेश मी देऊ का?’’

भाऊजींच्या हातातला घास वाटेतच थांबला. ‘‘तू? तुझं पाचारण चहाचं. तेवढा बरा करतेस.’’

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आमटीत असं काही बघत होता, जणू तिथे त्याची किल्ली पडली होती.

पुढच्या गुरुवारी चर्चमध्ये मंडळीचे पंच जमले. सगळे पुरुष. चहा अर्थातच माझ्याकडे. मागच्या खोलीत मी चहा गाळत होते. कानांना काही गाळणी नव्हती. ‘‘उद्या ह्या प्रभूभोजनाची भाकर द्यायलाही उभ्या राहतील राव!’’ कुणीतरी म्हणालं आणि खो खो हसणं झालं. ठरलं ते असं : बाईने पीठावर चढायचं नाही. पुरुष हजर नसेल तर रविवारी संदेशच नको.

म्हणजे देवाने गप्प बसलेलं चालेल, पण बाईने बोलायचं नाही! त्या दिवशी माझ्या हातून इतका आल्याचा चहा झाला, की पंचांचे डोळे पाणावले. त्यांना वाटलं, पवित्र आत्मा उतरला.

पण आमच्या मंडळीचा एक रिवाज होता, पंचांनीच घातलेला. पंचांनी काहीही ठरवलं, तरी रविवारी उपासनेनंतर हजर सभासदांनी हात वर करून मान्यता द्यायची. आजवर कुणी हरकत घेतली नव्हती, म्हणून तो रिवाज आहे हेच सगळे विसरले होते.

रविवारी बर्फ पडून झाल्यावर भाऊजींनी ठराव वाचला. ‘‘कोणाची हरकत नसेल तर...’’

‘‘माजी हाय,’’ पुढच्या बाकावरून माझी सासू उठली.

‘‘आई, खाली बस.’’

‘‘बसते. आदी सांग, तुजं त्ये बंधू कुठायत? मला तर समद्या बायाच दिसत्यात.’’

‘‘ते कामावर आहेत. हा पंचांचा निर्णय आहे.’’

‘‘मग आमास्नी इचारतो कशापायी? हात काय नुसतं डास माराया दिलेत व्हय? बायांनो, ठराव नगं आसंल तर करा हात वर!’’

मग हात वर गेले. पाळण्यातल्या पोरांचेही गेले असं मी सांगते, आणि त्यात काडीचीही अतिशयोक्ती नाही.

भाऊजींचं नाक लाल झालं. ‘‘हे गुरुवारी परत ठरवू. पुरुषांसमोर.’’ पुस्तक काखेत मारून ते पीठावरून उतरले, पण गेले नाहीत. दाराशी उभे राहिले, मी कुठे अडखळते ते ऐकायला.

मी पीठावर चढले. येशूच्या रिकाम्या कबरेपाशी पहाटे ज्या बाया गेल्या, त्यांच्यावर मी बोलले. पुनरुत्थानाची बातमी आधी त्यांना मिळाली. सांगायला धावल्या, तर पुरुषांनी ती बडबड ठरवली. ‘‘त्या जर पंचांची परवानगी मागत बसल्या असत्या,’’ मी म्हणाले, ‘‘तर आज आपण कुठे असतो?’’

दाराशी कुणीतरी खोकलं. मी अडखळले नाही.

आजही एखादी मुलगी माझ्याकडे येते, हळूच विचारते, ‘‘आंटी, मला बोलायचंय, पण घरचे काय म्हणतील?’’ तेव्हा माझा तोच संताप उसळतो. अगं, काय म्हणायचं ते म्हणतील! तुला बोलावलंय ते घरच्यांनी नाही. जा, उभी राहा. पाय थरथरले तर थरथरू देत, पीठ लाकडाचं असतं, पेलतं.

त्या गुरुवारी पंच परत जमले, माझा संदेश मोडीत काढायला. आम्ही सगळ्या बायकाही जाऊन पुढच्या बाकांवर बसलो, सासू मधोमध. भाऊजींनी सवयीने मागच्या खोलीकडे पाहून हाक मारली, ‘‘चहा!’’

कुणीच उठलं नाही.