हमिदाची फुंकर

‘हमिदाआजी कशाने गेली?’ असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी ‘दम्याने’ एवढंच म्हणाले. त्यापुढे बोलणं जमलं नसतं. आता दीड महिना झालाय, तर नीट सांगते.

सांगलीत आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. तिच्या सासरी चुरमुऱ्याची भट्टी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती दिवसभर भट्टीच्या धुरात, आणि घरी परतली की चुलीपुढे, फुंकणी तोंडाला. विडी-तंबाखू कधी नाही, म्हणून तिचा खोकला कुणी मनावरच घेतला नाही. जिना चढताना मधेच बसायला लागली, तेव्हा मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. नळीत जोराने फुंकायची तपासणी होती. “ह्यात मला कोन हरिवतंय, ताई?” म्हणाली. डॉक्टरांनी निदान केलं सीओपीडी. धुराने श्वासनळ्या कायमच्या आकसल्या होत्या. त्यांनी औषधाचा पंप, म्हणजे इनहेलर, दिला.

पंप चालू होता, तरी ती खालावत गेली. औषध वाढवलं, तरी तेच. एका सकाळी तिने माझ्यासमोर पंप तोंडाला लावला, दाबला... आणि औषधाचा पांढरा फवारा ओठांतून बाहेर आला. ती पंपात फुंकत होती. नळी तोंडाला लागली की फुंकायचं, हेच जन्मभर अंगात मुरलेलं.

“आवं ताई, आत वढायचं व्हतं व्हय?”

त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. रोज विचारायची, “आता येईल न्हवं दम भरून?” मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं. हे तिला कसं सांगावं कळेना. माझ्या तोंडाकडे बघून तिनेच ओळखलं.

मग ऑक्सिजनचं मशीन आलं. बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ओठांचा चंबू करा आणि हळू फुंकत श्वास सोडा. हमिदा हसली. “बगा... शेवटी... फुकायलाच लावलं.” त्या हसण्याने लागलेली धाप दुपारभर बसली नाही. तिची पाठ धरून मी माझ्या देवाला, तिच्या अल्लाला, जो ऐकेल त्याला विनवत होते, माझा थोडा श्वास घे, हिला दे. कुणी ऐकलं नाही. थंडीत ताप आला, आणि लोणंदहून लेक पोचायच्या आत ती गेली.

भाड्याचं मशीन परत गेलं. त्याची घरघर भिंतीतून माझ्या खोलीत यायची; ती चालू आहे तोवर हमिदा आहे, हे मला न उठता कळायचं. आता दुपारी आडवी झाले की अजून कान तिकडेच जातो... आणि मग उठून बसावं लागतं.