नातीची रेंज आणि माझी हकालपट्टी

अगं, जवळ ये पाहू जरा. तू पुण्यात बसली आहेस हे ठाऊक आहे मला, पण कागदातून का होईना, जवळ ये. कान धरायचाय तुझा. मुलानं हट्ट केला म्हणून मोबाईलवर बोट टेकवून छर्ऱ्यांची बंदूक मागवलीस? आणि वर मलाच फोन करून सांगतेस, "मावशी, गॅलरीत फुगे बांधून देईन, खेळेल तो." खेळेल काय! समोरच्या गॅलरीत कुणाची तरी आई केस वाळवत बसली असेल, तिचा विचार केलास? एवढी शिकलेली तू. आता मी या पायांनी काय काय वणवण केली ती ऐक, मग बोल.

आमची नात, म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, नववीत आहे. ही पोर एका जागी बसेल तर शपथ. जेवतानासुद्धा एक पाय दारात. शाळेच्या कॅम्पात तिच्या हातात पहिल्यांदा रायफल आली आणि घरी आली ती निराळीच होऊन. भिंतीवरच्या पालीकडे एकटक बघत, श्वास धरून उभी. मी म्हटलं, "काय गं, पाळायची आहे का?"

"आजी, रायफल धरली तेव्हा डोक्यातलं सगळं चुप झालं होतं. मला शूटिंग सीखायचं आहे." तिचं मराठी असंच, निम्मं घरातलं, निम्मं गल्लीतलं.

मला कौतुक वाटलं, पण माझा मुलगा ताटावरून उठलाच. "बंदूक या घरात नाही." रेल्वेत हिशेबाचं काम करतो, आवाज चढवणाऱ्यातला नाही तो. पण त्याचंही बरोबर होतं. तो लहान असताना इथेच झाशीत लक्ष्मी गेटजवळ आम्ही राहायचो, तिथल्या गच्चीवरून तो एक वरात बघत होता. नवरदेवाच्या कुठल्याशा मामानं खुशीत येऊन दुनळी बंदूक हवेत उडवली, आणि माझ्या लेकराच्या डोक्यावरचा गिलावा ढासळला. वितभर खाली असती गोळी तर! नाचणारे नाचतच राहिले, बँडवाल्यांना तर कळलंही नाही. अजून वरात आली की हा उठून आतल्या खोलीत जातो.

नात दोन दिवस जेवली नाही धड. शेवटी त्यानं मला सांगितलं, "आई, कायदा काय म्हणतो ते मला नीट समजावून दे. आणि अशी जागा दाखव, जिथं तिला सोडून मला ऑफिसात जीव मुठीत धरून बसावं लागणार नाही. मग सही करतो. नाहीतर हा विषय घरात पुन्हा नाही."

घरात सगळ्यांत रिकामी मी. लागले कामाला.

आधी गेले खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे. ते इथलेच बुंदेलखंडी, जिभेला धार. "काए भाभीजी, बंदूक लेनी है? मारना किसको है?"

"तुम्हालाच. रोज आमच्या जिन्यात स्कूटर लावता."

हसून हसून ठसका लागला त्यांना. मग चहा आला आणि त्यांनी मला सगळं फोड करून सांगितलं. गोळीची बंदूक म्हणजे परवाना, पोलिसांची चौकशी आणि कलेक्टरची मर्जी. वयाची एकवीस वर्षं झाल्याखेरीज नाव काढायचं नाही. लग्नात हवेत उडवली, तर परवाना असला तरी तुरुंग. (हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मुलाला सांगायचं होतं ना.) एअर रायफलचं वेगळं. ठरलेल्या जोराच्या आतली, बारीक छर्ऱ्याची असेल तर परवाना लागत नाही, फक्त दुकानदार ओळखपत्र बघतो नि नोंद करून ठेवतो. मी खूश होऊन उठले, तर म्हणाले, "बैठिए, बैठिए. लाइसेंस नहीं लगता, इसका मतलब ये नहीं कि कहीं भी चला लो. किसी को लग गया तो जुर्म तो जुर्म है. बच्ची को रेंज पे ही भेजना, सिखानेवाले के सामने." ऐकलंस ना?

म्हणजे कायदा झाला. राहिली जागा.

पहिली जागा एका स्पोर्ट्सच्या दुकानदारानं सांगितली. बोर्ड भला मोठा, 'शूटिंग अकॅडमी'. बघते तर मंगल कार्यालयाची गच्ची! पुठ्ठ्यावर फुगे टांगलेले, आणि मालक एका हातानं फोन कानाला लावून दुसऱ्या हातानं नातीला बंदूक देतोय. "ले बिटिया, तू तो झाँसी की रानी है!" आमच्या गावात मुलीनं लाटणं उचललं तरी तिला राणी करतात. मलाही म्हणाला, "माताजी, आप भी चलाइए, फोटो निकाल देंगे." तेवढ्यात पुठ्ठ्यामागच्या कठड्यावरून एका बाईचं डोकं वर आलं.

"भैया, तनक रुको! पापड़ उठा लेन दो. पिछली बार छर्रे सिक गए थे उनमें."

मी नातीचा हात धरला आणि जिना उतरले.

मग मला वाटलं, फौजेहून चांगलं कोण शिकवणार? बसनं बबीन्याला, फौजेच्या छावणीत गेलो दोघी. गेटावरचा जवान फार गोड वागला हो. "अम्माजी, भर्ती होना है क्या?" मी म्हटलं, "उंचीत बसत नाही रे बाबा." तो म्हणाला, ही रेंज फौजेची, बाहेरच्यांना नाही. पण एका सुभेदाराची मुलगी झाशीतच शिकवते, तिच्याकडे जा. म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाभर अंतरावर असलेल्या जागेचा पत्ता आम्हाला बबीन्यात मिळाला.

ती जागा म्हणजे जुनं गोदाम. बाहेर एक बाक, आत लांबच लांब हॉल, जमिनीवर लाल रेघ. रेघेशी टेबलं, टेबलांशी रायफली धरून उभी पोरं, आणि रेघेपलीकडे निशाण्याचे कागद. शिकवणारी असेल पंचविशीची, बारीक वेणी, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. राणी नाही, बिटिया नाही. वडिलांची सही, ओळखपत्र, मग प्रवेश. रायफली इथल्याच अलमारीत कुलपात राहणार, घरी न्यायच्या नाहीत. आज नुसती हातात धरून बघू दे, म्हणाली. नात टेबलाशी उभी राहिली, श्वास धरून, अगदी पालीकडे बघायची तशी.

आणि मला भरून आलं. आपल्याकडे नवी कात्री आणली तरी कुंकू लावल्याशिवाय कापड कापत नाहीत, आणि पोर तर एवढं मोठं हत्यार धरत होती! पिशवीत कुंकवाची डबी होतीच. मागून रायफलीला लावायला गेले तर तिचा कोपर मध्ये येत होता. म्हणून मी टेबलाला वळसा घालून पुढे गेले, रेघ ओलांडून, आणि बोट कुंकवात बुडवून सरळ नळीपुढे उभी राहिले.

"स्टॉप!"

शेजारच्या टेबलांवरच्या सगळ्या पोरांनी रायफली खाली ठेवल्या आणि हात वर करून ती मागे सरकली.

"अम्माजी, बाहर."

"अहो, कुंकूच लावत होते. ती बंदूक रिकामीच..."

"यहाँ कोई बंदूक खाली नहीं होती. बाहर. आज बच्ची भी नहीं."

माझ्या वयाच्या बाईला! मी ताठ मानेनं निघाले खरी, पण बोटावरचं कुंकू कुठं पुसावं ते सुचेना. रिक्षात नात बाहेर तोंड करून बसली. घर येता येता बोलली, "आजी, तू सब बिघडवलंस. आता बाबा कधीच हो नाही म्हणणार." मी, जिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं, पदरालाच ते बोट पुसत बसले.

संध्याकाळी मुलगा आला. मी इकडचं तिकडचं सुरू केलं होतं, पण नातीनं रडत रडत सगळं सांगून टाकलं. तो पाण्याचा ग्लास हातात धरून ऐकत राहिला.

"ओरडल्यावर सगळ्यांनी खाली ठेवल्या?"

"हो."

"सगळ्यांनी? लगेच?"

"लगेच, बाबा. एक लहान मुलगा होता, त्यानं पण."

"आणि आजीला बाहेर काढलं? आजी गेली?"

"गेली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता झालं. तर हा हसायलाच लागला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "आई, तुला आजवर बाबासुद्धा गप्प करू शकले नाहीत. ज्या बाईनं तुला एका शब्दात बाहेर काढलं, तिच्याकडे मी माझी मुलगी डोळे मिटून सोडीन. कुठे सही करायची?"

आता नात आठवड्यातून तीनदा जाते. पहिले काही आठवडे नुसतं उभं राहायलाच शिकवलं, तरी कुरकुर नाही. पोचवायला मीच जाते, पण मॅडमनी मला अजून आत घेतलेलं नाही. नमस्कार करतात, पाणी पाठवतात आणि बाकाकडे बोट दाखवतात. आतून टक्, टक् ऐकू येतं आणि मी तासभर एकटीच बसून असते. शेजारी पानवाला आहे, त्याला माझ्या सगळ्या गोष्टी सांगून संपल्या. आता मी दिसले की तो रेडिओ मोठा करतो. म्हणून म्हणते, तू ये. मुलाला घेऊन लवकर ये. तो आत उभं राहायला शिकेल, आणि मला बाकावर बोलायला कुणीतरी मिळेल.